हरकतीवर पहिली सही माझी

अर्नाळ्याची ती मुलगी मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. पुढे तिची ओळख झाली आणि मग आवडायला लागली, असंही काही झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून गोड शेवटाची वाट बघत बसणार नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी एकोणीस वर्षांची होते. वसईजवळच्या आमच्या गिरीज गावात मुलींचा कबड्डीचा संघ होता, त्यात मी डावा कोपरा सांभाळायची. समोरची मुलगी एका दमात आपल्या अंगणात चढाई करते, कुणाला तरी हात लावून मधल्या रेषेपलीकडे पळायला बघते. कोपऱ्यातल्या मुलीचं काम एकच, तिला जाऊ द्यायचं नाही. माझी घोट्याची पकड सगळ्या वसईत माहीत होती. घरची केळीची वाडी, पहाटे उठून घड वाहायचे, त्यामुळे मनगटं तयार होती. एकदा घोटा हातात आला की तो मी सोडत नसे. रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात लोक माझ्या बापाला थांबवून माझ्याबद्दल बोलायचे. अर्थात त्याच लोकांनी दोन वर्षांपूर्वी आमच्या अर्ध्या चड्ड्यांवरून आकाशपाताळ एक केलं होतं. पोरी बाप्ये व्हायला निघाल्या, म्हणत होते. मग आम्ही चड्डीवर गुडघ्यापर्यंत स्कर्ट घातले आणि जिंकायला लागलो, तेव्हा त्यांची तोंडं बंद झाली.

तर त्या वर्षी ईस्टरपूर्वीचा उपासकाळ सुरू व्हायच्या आधी एका सामन्यात अर्नाळ्याचा संघ आमच्यासमोर आला. त्यांच्यातली एक चढाईला आली. उंच, खांदे रुंद, छाती सपाट, वरच्या ओठावर लव, आणि आवाज असा की तिने 'कबड्डी' म्हणताच आमची उजव्या कोपऱ्यातली फिस्सकन हसली. मी हसले नाही. मी तिचा पाय बघत होते. तो पुढे आला, मी झडप घातली, घोटा बरोबर हातात आला. आमच्या आणखी दोघी तिच्या कमरेला भिडल्या. आणि ती बाई, का जे काय होतं ते, आम्हा तिघींना ओढत घेऊन रेषेपर्यंत गेली. दम न सोडता गेली. माझी हनुवटी जमिनीवर खरवडत होती आणि तोंडात रेषेची पांढरी फक्की गेली होती. तिघी बाद झालो, सामना तिथेच संपला.

उठता उठता मी जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलं. "ही पोरगी नाय. हा बाप्या आहे."

ती माझ्याकडे वळून बघतसुद्धा नव्हती. तेच माझ्या नाकाला जास्त झोंबलं.

ईस्टरनंतर जिल्ह्याच्या संघाची यादी लागली. त्या वेळी आमचा जिल्हा ठाणे. बारा नावं होती. बारावं नाव तिचं होतं आणि खाली 'राखीव' म्हणून माझं. जिल्ह्याकडून जी खेळली तिला मुंबईच्या कंपन्या आपल्या संघात घ्यायच्या, आणि संघात घेतलं की नोकरी लागायची. मला ती नोकरी हवी होती. माझ्यासाठी शेजारच्या गावातून स्थळ आलं होतं, आणि बापाने सांगितलं होतं, खेळातून नोकरी लागली तर लग्नाला दोन वर्षं थांबू, नाहीतर नाताळात उरकून टाकू. माणूस वाईट नव्हता म्हणतात. मला आत्ताच कुणाच्या घरात जायचं नव्हतं, एवढंच. त्या बाराव्या नावावर माझं सगळं अडकलं होतं, आणि ते नाव माझ्या मते एका बाप्याने पळवलं होतं.

आता काही लोक म्हणतील, मी हेव्याने बोलत होते. होतेच. पण हेवा होता म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. मुलींचा खेळ वेगळा ठेवतात तो कशासाठी? पुरुषाच्या ताकदीपुढे आमची ताकद लागत नाही म्हणूनच ना? मग ती रेघ कुणीतरी सांभाळायला नको? मी ती सांभाळत होते, असं मला खरोखर वाटत होतं. आजही मुलींच्या खेळाची रेघ मुलींसाठीच असावी, असं मी म्हणते, आणि जे लोक हात झटकून 'त्यात काय एवढं' म्हणतात त्यांना कधी कुणी मैदानावरून फरफटत नेलेलं नसतं.

आमचे प्रशिक्षक म्हणजे शाळेतले ड्रिलमास्तर. ते म्हणाले, "नुसत्या ओरडण्याने काही होत नाही. पुरावा आण."

पुरावा मला मे महिन्यात मिळाला, तोही अचानक. पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकं घ्यायला मावशीबरोबर मी अर्नाळ्याला गेले. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले होते, मावशी एका कोळणीशी जवळ्याचा भाव करत होती, आणि मी उगाच समुद्राकडे बघत उभी होते. एक बोट किनाऱ्याला लागत होती. तिच्यावर चार पुरुष आणि पाचवी ती. डोक्याला गच्च टोपी, अंगात बापाचा असावा असा सदरा, लुगडं-बिगडं काही नाही. जाळ्याचा दोर एकटीने ओढत होती. मग पाण्यात उडी मारली आणि मासळीची भरलेली टोपली डोक्यावर घेऊन चालत वर आली.

मी मावशीला कोपरखळी मारली. मावशीने बघितलं आणि तिचे डोळेच फिरले. "अगं, कोळ्यांची बाई मासेमारीच्या बोटीवर पाय ठेवत नाय," ती म्हणाली. "चढली तर दर्या कोपतो म्हणतात. बाईने मासळी विकायची, सुकवायची. बोट बाप्याचीच."

झालं. मला आणखी काय हवं होतं? दर्याला घाबरणाऱ्या तिच्या स्वतःच्या लोकांनी जिला बोटीवर घेतलं, तिला ते काय समजत असतील हे उघड होतं. घरी येईपर्यंत मला एवढा आनंद झाला होता की एसटीत मावशीच्या मांडीवरची सुक्याची पिशवी मी स्वतःहून घेतली. एरवी त्या वासाने मला उमासे येत.

दुसऱ्या दिवशी हरकतीचा अर्ज लिहिला. अक्षर ड्रिलमास्तरांचं, मजकूर माझा. 'सदर खेळाडू स्त्री नसून पुरुष आहे, व तिच्या गावातही तिला पुरुषाप्रमाणे वागवले जाते.' खाली आमच्या संघातल्या आठ मुलींनी सह्या केल्या. पहिली सही माझी.

मेच्या शेवटी एका बंद शाळेत जिल्ह्याच्या निवड समितीने आम्हाला बोलावलं. सुट्टी होती, म्हणून वर्ग रिकामे. टेबलामागे पाच पुरुष बसले होते आणि प्रत्येकासमोर सोड्याची बाटली होती. यादीतल्या सगळ्या मुली व्हरांड्यात उभ्या. ती आईबरोबर आली होती. आईने नेसलेलं कोळणीचं लुगडं, कमरेवर हात, चेहरा असा की कुणाला तरी मारायलाच आलीय. शाळेच्या दाखल्यावर 'मुलगी' लिहिलं होतं, तो दाखला मुलीने टेबलावर ठेवला. एकाने तो उचलून बघितला आणि म्हणाला, "दाखल्यावर काय, शाळेत जे सांगतील ते लिहितात."

मग मला पुढे बोलावलं. मी बोटीचं सांगितलं. टोपी सांगितली, सदरा सांगितला, दोर ओढणं सांगितलं. माझा आवाज चांगला खणखणीत लागला होता. सांगून झाल्यावर अध्यक्षांनी तिच्या आईला विचारलं, "हे खरं आहे का? हिला बोटीवर पाठवता?"

"पाठवतो नं," आई म्हणाली. "न पाठवून काय करनार? हिच्या बापाचा हात दोन बोटींच्या मधी चेंगारला. पोरगा नाय मना. मग गावच्या पंचांनी सांगितलं, दर्याला नारल दे, आनि पोरीच्या डोक्याला बापाची टोपी बांध. दर्याला वाटला पायजे का बाप्याच आलाय. तवा बोटीवर घेतली तिला."

"म्हणजे बाप्या म्हणून पाठवता."

"बोटीवर."

"हो, बोटीवर. पण बाप्या म्हणूनच ना?"

"दर्यासाठी!" आई ओरडली. "दर्याला फसवाया! घरी माझी पोरच हाय ती!"

टेबलाच्या टोकाला एक गृहस्थ नोंद घेत होते. त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं आणि मग वाचून दाखवलं. 'मुलीस पुरुष समजले जाते, ही बाब आईने मान्य केली.' आईने त्यांच्याकडे, मग मुलीकडे बघितलं. समुद्राला फसवायला केलेली युक्ती टेबलामागच्या पाच शिकल्यासवरल्या पुरुषांनी जशीच्या तशी खरी धरली होती. मला तेव्हा काय वाटलं? जिंकल्यासारखं वाटलं. उगाच पुढचं शहाणपण मागे नेऊन ठेवत नाही.

पण समितीने वसईच्या बाजारात दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंनाही बोलावलं होतं, आणि त्या बाई कुणाच्या बापाला भिणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "या एकटीला मी हात लावणार नाही. तपासायची तर यादीतली प्रत्येक मुलगी तपासेन. राखीवसुद्धा. नियम करायचा तर सगळ्यांना करा."

व्हरांड्यात एकदम कालवा झाला. कुणी रडायला लागली, कुणी म्हणाली मी घरी चालले. अध्यक्षांनी सोड्याची बाटली बाजूला सारली आणि माझ्याकडे बोट केलं. "हरकत हिची. पहिली हिला घ्या."

विज्ञानाच्या प्रयोगशाळेत खिडकीला भारताचा नकाशा टांगून आडोसा केला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "चड्डी काढ आणि त्या बाकावर झोप." बाकावर कुणीतरी करकटकाने कोरलेलं बदामाचं चित्र होतं, ते माझ्या पाठीला टोचत होतं. मिनिट, दीड मिनिट लागलं असेल. बाई वाईट वागल्या नाहीत. हात धुताना मात्र म्हणाल्या, "आता तुझ्या मनासारखं झालं ना?" मी चड्डी चढवली, स्कर्ट नीट केला, पण नाडीची गाठ बसेना. कबड्डीच्या मैदानावर शंभरदा आपटले असेन मी. एवढं कधी लागलं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला कुणाकडेच बघता येत नव्हतं. मला लाज वाटत होती आणि त्या लाजेचा सगळा राग मी त्या अर्नाळ्याच्या मुलीवर काढत होते. हिच्यामुळे मला हे करावं लागलं. मनातल्या मनात तिला मी जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"आता तू," अध्यक्ष तिला म्हणाले.

ती पहिल्यांदा बोलली. "नाय."

"नाही म्हणजे?"

"मी कपडे नाय उतरवनार. खेलाला आलंय, बाजारात नाय आलंय."

आई तिचा हात ओढत होती. "जा ना बाय, दोन मिन्टांचा काम. दाखव यांना नि गप कर." तिने आईचा हात सोडवला. नोकरी मिळाली असती तर बापाची टोपी उतरवून ती कायमची जमिनीवर राहिली असती. पुन्हा समुद्रावर जावं लागलं नसतं. हे तिच्या आईनेच त्या पुरुषांना हात जोडून सांगितलं. मुलीने मात्र दाखला उचलला, घडी केली आणि खिशात घातला.

"नकार म्हणजेच कबुली," एक म्हणाला. कुणीही त्याला अडवलं नाही, मी तर नाहीच. तिच्या नावावर रेघ मारली आणि वर माझं लिहिलं. आणि मग मजा बघा. बाकीच्या अकरा जणींना तपासायची गरजच उरली नाही. चहा आला, डॉक्टरीणबाईंनी तो घेतला नाही, पर्स उचलून चालत्या झाल्या. अख्ख्या तालुक्यात तपासलेली मुलगी मी एकटी.

मी जिल्ह्याकडून खेळले. दुसऱ्या फेरीत हरलो. तरी एका कंपनीने मला संघात घेतलं आणि फोर्टातल्या ऑफिसात टंकलेखनाच्या मशीनसमोर बसवलं. बापाने शब्द पाळला, लग्नाला दोन वर्षं थांबतो म्हणाला. पण थांबायचा प्रश्नच आला नाही. शेजारच्या गावाने स्थळ मागे घेतलं. कारण कुणी तोंडावर सांगितलं नाही, पण अशा गोष्टी वाडीतून वाडीत पोचायला एसटी लागत नाही. 'तिला डॉक्टरकडून तपासून घेतली म्हणे. काहीतरी असल्याशिवाय का तपासतात?' चर्चच्या पायऱ्यांवर दोन बाया माझ्या अंगावरून नजर फिरवायच्या, छातीपासून पायापर्यंत, आणि मग मला नमस्कार करायच्या. माझी आय म्हणायची, लक्ष देऊ नको. तीसुद्धा एकदा माझ्या पाळीबद्दल विचारून गेली. मी तिच्या अंगावर धावून गेले.

पुढे माझं लग्न झालं, जरा उशिरा झालं, लांबच्या माणसाशी झालं. त्याला ही गोष्ट मी कधी सांगितली नाही.

ती मुलगी नक्की काय होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि अजूनही माहीत नाही. ती बाईच असेल, नुसती राकट. किंवा देवाने तिला आमच्या रेघेच्या बरोबर मधोमध घडवलं असेल, अशी माणसंही असतात हे मला खूप नंतर समजलं. तसं असतं तर तिने माझ्याशी खेळावं की नाही, यावर मी अजूनही भांडायला तयार आहे. पण ते भांडण त्या दिवशी त्या शाळेत झालंच नाही. तिथे फक्त एक टोपी, एक बोट आणि माझी सही होती.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी मी वसईच्या बाजारात मासळी घ्यायला गेले होते. मासळीवाल्यांच्या रांगेत ती बसली होती. लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, समोर सरंगे आणि कोलंबी. मला बघताच तिने ओळखलं, आणि मीही. पुढे निघून जायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एक प्रश्न पाच-सहा वर्षं ठुसठुसत होता. माफी मागायला मी थांबले असं म्हणायला मला आवडेल, पण मी भांडायलाच थांबले होते.

"एक सांग," मी म्हणाले. "दीड मिनिटाचं काम होतं. मी केलं ना? तू आत गेली असतीस तर जागा तुझीच होती. समुद्र सुटला असता. मग का नाही तपासून घेतलंस?"

तिने सरंग्यावर पाणी शिंपडलं आणि मान वर केली. आवाज तसाच होता, भरदार.

"तुला तपासली नं?" ती म्हणाली. "मग कोन निघालीस तू? गाव मानला का?"

माझ्या मागच्या बाईने कोलंबीचा भाव विचारला, आणि ती तिच्याकडे वळली.